डावी भुवई

माझ्या टेबलावर वीतभर आरसा आहे,
तोंड बघायला नव्हे, कामाला.
इनुबुसे तुच्छतेनं हसायच्या आधी
मला हसावं लागतं:
डावी भुवई केसभर वर,
ओठाचा एकच कोपरा.
पेन्सिल ते हळूच उचलून नेते कागदावर,
चोरपावलांनी.

नऊ वर्षं झाली.
कामिइगुसातल्या या दुसऱ्या मजल्यावर
नायकाला चौघं काढतात,
त्याच्या केसांना तर वेगळा माणूस आहे.
इनुबुसे माझा एकटीचा.

एकोणिसाव्या भागात त्यानं किल्ल्याचा दरवाजा लावून घेतला.
बाहेर सगळं गाव, गावामागे पुराचं पाणी,
दारावर थापा,
आणि हा आत बसून संत्रं सोलतोय.
उशिगोमे-सान म्हणाले होते,
थापा थांबेपर्यंत साल तुटता कामा नये.
मी संत्री आणून सोलून पाहिली.
तिसऱ्या किलोला जमलं.
दोनशे बारा कागद, आणि आठवडाभर
नखांत पिवळं.

तेव्हापासून देशभरची पोरं
त्याच्या नावानं बोटं मोडतात.
शिव्यांची लाखोली वाहतात, आणि सोमवारी
सहाच्या ठोक्याला पडद्यासमोर हजर.
तो नसला त्या दिवशी
भाग पचत नाही त्यांना.

नागानोहून एका मुलाचं पत्र:
त्याला मारा. पण घाई करू नका.
माझी सहावी होऊ दे.

फेब्रुवारीत नायकाला चॉकलेटं येतात, पोत्यानं.
इनुबुसेला यंदा एक खोकं आलं, आओमोरीचा शिक्का.
आत नुसत्या साली.
एकेक अखंड, वाळवलेली,
निळ्या फितीत बांधलेली. एकसष्ट.
फळ एकही नाही, चिठ्ठी नाही.
सगळे हसले. मीही हसले,
मग जेवणाच्या सुट्टीत परत मोजल्या.
कुणीतरी हिवाळाभर
श्वास धरून सोलत बसलंय,
तुटली की पुन्हा पहिल्यापासून.
एवढा जीव
नायकावर टाकलाय कुणी?

मार्चमध्ये ठरलं: बासष्टाव्या भागात जाणार.
उशिगोमे-सान चहात बोट बुडवून म्हणाले,
हाताओका, डोळ्यांत पाणी नको हं.
पाणी दिसलं की लोक माफ करून टाकतात.

तीन रात्री मी आरशासमोर मेले.
जमेना.
एकदा फारच सोसल्यासारखी,
एकदा दात दुखतोय तशी,
एकदा तर चक्क झोपेतच गेले.
झाडूवाल्या बाई दारात थबकल्या,
बरं वाटत नाही का, म्हणाल्या.
म्हटलं, मरतेय, झालंच.
त्यांनी दिवा तेवढा राहू दिला.

शेवटी डोळे कोरडेच ठेवले.
फक्त हातातलं संत्रं,
आणि अगदी शेवटच्या कागदावर
साल तुटते.
पटकथेत नव्हतं ते.
उशिगोमे-सान बघत राहिले,
खोडरबर उचललं,
ठेवलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी स्नानगृहात गेले.
गल्ल्यावर बुन्पेई-सान, वर छोटा टीव्ही, नुकता बंद केलेला.
संपला एकदाचा नालायक! म्हणाले,
आणि सुटे पैसे चुकीचे दिले.
मग माझ्याकडेच बघून,
आता सोमवारी करायचं काय हो माणसानं?

मला हसू आलं. आवरायला हवं होतं.
त्यांचा नातू रेन्ता दुधाची बाटली घेऊन उभा होता,
त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
दोन पावलं मागे गेला,
बाटली पाठीमागे लपवली.

केसांतून पाणी टपकत होतं माझ्या, खांद्यावर टॉवेल,
सदतीस वर्षांची बाई,
कुणाचं काही वाकडं न केलेली.

परत, तो म्हणाला.
परत करा ना ते.